दळवीचाचा आणि काडतुसांची खोली

त्या खोलीत शिरण्याआधी दळवीचाचा बाहेरच्या नळाला हात लावत. नळ उघडत नसत, हात धूतही नसत. पाचही बोटं लोखंडावर टेकवून क्षणभर उभे राहत. मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देत, खिसे उलटे करून दाखवत आणि दारात ताटकळलेल्या दोघांना विचारत, "आज भ्या वाटतंय ना?"

ते दोघे म्हणजे माझा नवरा सुहास आणि आमचे घरमालक बू राशिद. दोघांनी "वाटतंय" म्हटल्याशिवाय चाचा कुलूप काढू देत नसत. एकदा सुहास हसत म्हणाला, "नाही बुवा, आज एकदम मस्त वाटतंय." चाचांनी माझ्या हातून घड्याळ परत घेतलं, मनगटावर बांधलं आणि फाटकाकडे चालू लागले. सुहासला आधी ती गंमत वाटली. पण फाटकाबाहेर शेअर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला तेव्हा बू राशिद त्याच्याकडे वळून म्हणाले, "खलास. आज छुट्टी."

हे शहाण्णव-सत्त्याण्णव सालातलं. आम्ही रास अल खैमात राहत होतो. मी सिमेंट फॅक्टरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, सुहास एका सिरॅमिकच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअर. बू राशिद यांच्या व्हिलाच्या आवारात मागच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचा मुल्हक होता, म्हणजे आपल्याकडच्या आऊटहाउससारखा. तो आम्ही भाड्याने घेतला होता. आमची रेवा तेव्हा पाच वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं तरी उत्तर इंग्लिशमध्येच यायचं.

बू राशिद साठीचे, फौजेतून निवृत्त झालेले. लहानपणी वडिलांबरोबर गलबतातून मुंबईला गेले होते, त्यामुळे हिंदी झकास बोलत. त्यांना जुन्या रायफलींचा शौक. सुहासने कॉलेजात असताना एनसीसीत नेमबाजीची बक्षिसं मिळवलेली. दोघांचं मेतकूट जमायला वेळ लागला नाही. शुक्रवारी सकाळी ते डोंगराकडच्या परवानगी असलेल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, जाऊन निशाणं लावू लागले. अडचण एकच होती. बू राशिद यांच्या आवडत्या रायफलीची काडतुसं मिळेनाशी झाली होती. तेवढ्यात देश सोडून निघालेल्या एका इंग्रज इंजिनीअरने आपलं काडतुसं भरायचं सामान त्यांना देऊन टाकलं. टेबलाला घट्ट बसवायचं हातदांड्याचं यंत्र, एक छोटा तराजू, दोन जाडी पुस्तकं. वापरलेली पितळी पुंगळी फेकून द्यायची नाही, तिच्या बुडात नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची, तोंडाशी गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. सुहास ती पुस्तकं परीक्षा असल्यासारखी वाचत बसायचा. "अगं, यात काही नाही. केक करण्याइतकं सोपं आहे," असं तो मला म्हणाला.

ज्या खोलीत ते टेबल मांडलं, तिची भिंत आमच्या स्वयंपाकघराची भिंत होती. भिंतीच्या अलीकडे माझा गॅसचा सिलिंडर.

दळवीचाचा आमच्या फॅक्टरीतल्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात 'दळवी' एवढंच ऐकून मी त्यांना गणपतीच्या वर्गणीबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "देतो की. पण पावतीवर अब्दुल रज्जाक दळवी लिवा." गाव खेड तालुक्यात, खाडीच्या काठी. उंच, किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेले, आणि पाठीत किंचित वाकलेले. लेथवर उभं राहून वाकले असतील असं मला वाटे. फॅक्टरीत मला 'मॅडम' म्हणत आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'वैनी'.

सुहासच्या नव्या छंदाची गोष्ट माझ्याच तोंडून गेली. चाचा लॅबमध्ये एका चाळणीची दुरुस्त केलेली कडी द्यायला आले होते. मी सहज बोलले, हसण्यावारी नेत. त्यांनी कडी टेबलावर ठेवली.

"टोप्या कुठं ठेवल्यात आणि दारू कुठं?"

"एकाच कपाटात असेल बहुतेक. का हो?"

संध्याकाळी चाचा कामगारांच्या कॅम्पात जाणारी कंपनीची बस सोडून, शेअर टॅक्सीने, पत्ता विचारत आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. गल्फमध्ये येण्याआधी बारा वर्षं ते मुंबईतल्या एका बंदुकीच्या दुकानात कारागीर होते, हे मला तेव्हा कळलं.

बू राशिद यांनी मजलिसमध्ये, त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसवलं, गावा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केला. चाचांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "बाबा, पहले काग़ज़ दिखाओ." समोरचा माणूस घरमालक, वयाने वडील, या देशाचा नागरिक. आम्ही सगळे त्याच्या देशात व्हिसावर आलेले. बू राशिद यांच्या भुवया वर गेल्या, पण ते उठले आणि परवान्यांची फाईल घेऊन आले. चाचांना अरबी वाचता येत नव्हतं. त्यांनी फाईल आदराने परत केली आणि म्हणाले, कंपनीतला सरकारी कामं करणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, तो वाचून सांगेपर्यंत कुणी काही भरू नका. तिसऱ्या दिवशी तो माणूस येऊन फाईल वाचून गेला. कागद पक्के होते.

मग चाचांनी खोली पाहिली. भिंतीवर हात फिरवला, पलीकडे काय आहे विचारलं आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन सिलिंडरपुढे उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर मला फक्त काळजी वाटत होती.

"वैनी, तुमी हितं सैपाक करता?"

त्या आठवड्यात खोली बदलली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, खजुराच्या झाडापलीकडे, एकटी उभी असलेली सामानाची खोली रिकामी झाली. कपाटं दोन झाली आणि एकमेकांपासून दूर गेली. सुहास वैतागून म्हणाला, "चाचा, तुम्हाला एवढं भ्या वाटतं तर येता कशाला?"

"मी नाय आलो तर तुमी पुस्तक वाचून कराल," चाचा म्हणाले. "मग मला तिकडं कॅम्पात झोप नाय लागायची."

पुढची सहा वर्षं ते दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की येत राहिले. कधी कशाचा मोबदला घेतला नाही. बू राशिद खजुराचा डबा देऊ लागले की म्हणत, "मस्जिद में दे दो."

त्यांचे नियम असे काही लिहून लावलेले नव्हते, ते अंगवळणी पाडले जात. अंगात वीज साठून ठिणगी उडू नये म्हणून सुती कपडेच घालायचे; नळाला हात लावणंही त्यासाठीच. खोलीत रेडिओ नको, फोन नको, चहा तर अजिबात नको. दारू मोजताना कुणी बोललं, खोकलं, नुसती खुर्ची सरकवली, तरी ते भरलेल्या सगळ्या पुंगळ्या पुन्हा रिकाम्या करत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. एका गुरुवारी फक्त सहा काडतुसं तयार झाली. सुहास बाहेर येऊन मला म्हणाला, "हा माणूस आजारी आहे गं. मनाने आजारी आहे."

सुरुवातीला मी त्या खोलीत जात नसे. पहिल्यांदा गेले ती तराजूमुळे. एकच चिमूट तीनदा तोलली तर तीन निराळी वजनं येतात म्हणून चाचा हैराण झाले होते. मला बोलावून म्हणाले, "तुमी लॅबमधल्या. बघा जरा." मी पाहिलं तर एसीचा झोत थेट पारड्यावर येत होता. पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि काटा जागेवर राहिला. सुहास म्हणाला, "बस? एवढंच?" चाचा मात्र खुर्चीत बसून राहिले. मागच्या दोन आठवड्यांत भरलेली काडतुसं मागवली आणि सगळी उकलून टाकली. तेव्हापासून दर गुरुवारी तराजू आधी मी तपासायचा, असा नवा नियम झाला.

रेवाच्या बाबतीत जे घडलं, ते त्याच उन्हाळ्यात.

टोप्या म्हणजे मसुरीएवढ्या, चकचकीत धातूच्या वाट्या. ठोका बसला की पेट घेणाऱ्या. दिसायला इतक्या गोंडस की ओवून गळ्यात घालाव्यात. काम संपलं की चाचा उरलेल्या टोप्या मोजत. त्या दिवशी एक कमी आली. पुन्हा मोजल्या. पुन्हा एक कमी. सुहास म्हणाला, "पडली असेल कुठेतरी, केर काढताना सापडेल." चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

त्यांनी दोघांना जागच्या जागी उभं केलं. चपलांचे तळवे पाहिले, कपड्यांच्या घड्या झटकल्या. मग गुडघ्यांवर बसून टॉर्च घेऊन फरशीचा एकेक चौकोन पाहत निघाले. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आत एसी बंद. बू राशिद यांच्यासारखा माणूस भिंतीला टेकून शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा होता. अर्धा तास गेला. चाचा उठले, दाराकडे पाहिलं आणि बाहेर उभ्या असलेल्या मला विचारलं, "दार कुणी उघडलेलं का मधी?"

तेव्हा मला आठवलं. सुहास दार उघडं टाकून पाणी प्यायला बाहेर आला होता आणि रेवा दारातच त्याच्या पायांशी घुटमळत होती.

मी पळत सुटले. रेवा आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. मांडीवर बाहुली होती. बाहुलीच्या कपाळावर गोंदाने काहीतरी चिकटवलेलं चमकत होतं आणि रेवाच्या हातात तिच्या खेळण्यातली लाकडी हातोडी होती.

"It's her crown, Mamma. It keeps falling."

मी दारातच थांबले. चाचा माझ्या मागून आले होते. ते पाऊल न वाजवता आत गेले, रेवापासून दोन हातांवर मांडी घालून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "राणी लय झ्याक दिसते. मला देशील बघायला? हातोडी तिथंच ठेव. राणीला दोन्ही हातांनी आण."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असावी. तिने हातोडी खाली ठेवली आणि बाहुली त्यांच्या ओंजळीत दिली. चाचांनी ती छातीशी धरली आणि उठून बाहेर गेले. मी रेवाला कवटाळून बसले, किती वेळ ते आठवत नाही. नंतर खिडकीतून पाहिलं तर ते खजुराखाली बाहुली घेऊन बसलेले होते. ती टोपी त्यांनी काढून नीट ठेवली होती, पण बाहुलीचा फ्रॉक त्यांना काही केल्या नीट करता येत नव्हता.

त्यांनी कुणालाही बोल लावला नाही. पुढच्या गुरुवारी वर्कशॉपमधून एक उंच उंबरठा बनवून आणला आणि स्वतः बसवला. दारालाही आतून कडी लावली. सुहास त्यानंतर 'आजारी' हा शब्द कधी बोलला नाही. पण माणूस विसरतो. वर्ष-दीड वर्षाने तोही विसरला.

अठ्ठ्याण्णवच्या अखेरीस चाचा मुलीच्या लग्नासाठी दीड महिन्याच्या रजेवर गावी गेले. जाण्याआधी दोघांना उभं करून वदवून घेतलं, चाचा येईपर्यंत कुलूप काढणार नाही. बू राशिद म्हणाले, "इन्शाल्ला." चाचा म्हणाले, "इन्शाल्ला नाय, बाबा. ज़बान दो." त्यांनी शब्द दिला.

तो पाच आठवडे टिकला. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी मला आवारातून यंत्राच्या दांड्याचा खट खट आवाज ऐकू आला. आणि हसणं. त्या खोलीतून हसण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने आमचा फोन वाजला. पुण्याहून सासूबाईंचा होता. त्या काळी आयएसडीचं प्रत्येक मिनिट जपून वापरायचं. मी अंगणात जाऊन मोठ्याने हाक मारली, "सुहास! आईंचा फोन आहे, लवकर ये!" तो हातातलं टाकून धावत आला, पाच मिनिटं बोलला आणि परत गेला.

रात्री जेवताना तो खुशीत होता. "चाळीस भरली. दोन तासांत. चाचांच्या हिशेबाने महिना लागला असता. पुढच्या शुक्रवारी वादीत पिकनिकच करू. बू राशिद म्हणालेत, पहिल्या वीस गोळ्या मी झाडायच्या. तू आणि रेवाही चला."

मी हसले असेन. पण झोप लागली नाही. मी हाक मारली त्या क्षणी त्याच्या हातात काय होतं, हेच डोक्यात घोळत राहिलं. विचारलं असतं तर चिडला असता. मी विचारलं नाही.

चाचा त्या पुढच्या बुधवारी कामावर रुजू झाले. मिठाईचा पुडा घेऊन लॅबमध्ये आले, मुलीच्या लग्नाचं सांगू लागले. बिर्याणीच्या किती डेगा झाल्या, जावई कसा सौदीत आहे. मी ऐकत होते आणि ठरवत होते. नवऱ्याची चहाडी करायची की नाही, हा साधा प्रश्न नसतो. शेवटी मी सांगितलं. फोनचंही सांगितलं. चाचांनी मिठाईचा पुडा बंद केला.

"किती भरली?"

"चाळीस."

"उडवली का काय?"

"शुक्रवारी जाणारेत."

गुरुवारी दुपारी ते आले तेव्हा नळाला हात लावला नाही की भ्या वाटतंय का विचारलं नाही. मजलिसच्या दारातूनच म्हणाले, "बाबा, वो चालीस मुझे दे दो."

बू राशिद यांचा चेहरा लाल झाला. शब्द मोडल्याची शरमही असेल आणि आपल्या घरात आपल्याला कुणी जाब विचारतंय याचा रागही. सुहास माझ्याकडे पाहत होता. कुणी सांगितलं ते त्याला कळलं होतं.

"दलवी," बू राशिद म्हणाले, "मैं चालीस साल से बंदूक चलाता हूँ."

"चलाते हो, बाबा. भरते नहीं."

"और अगर नहीं दिया?"

चाचांनी सुहासकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो कल मैं साथ आऊँगा. पहली गोली मैं चलाऊँगा. दूसरी भी मैं. चालीस के चालीस मैं चलाऊँगा. लेकिन ये बच्चे लोग गाड़ी में बैठेंगे, दूर."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. हा माणूस धमकी देत नव्हता. दिलं नसतं तर त्याने ते खरंच केलं असतं आणि करताना भीतीने अर्धमेला झाला असता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. बू राशिद उठले, आतून डबा आणला आणि त्यांच्या हातात ठेवला.

सुहास बाहेर जाऊन गाडीत बसला. दार त्याने आपटलंच. खोलीत चाचा आणि मी. ते एकेक काडतूस उकलत, गोळी बाजूला ठेवत आणि आतली दारू माझ्या पारड्यात ओतत. मी वजन वाचायचं. बरोबर. बरोबर. बरोबर. दहा झाली, पंधरा झाली. सगळी बरोबर येत होती आणि मला लाज वाटू लागली होती. मी घरात भांडण लावलं, बू राशिद यांचा अपमान घडवला, आणि कशासाठी?

विसाव्या काडतुसानंतर चाचांनी हात थांबवले. नियम त्यांचाच होता, काम चालू असताना बोलायचं नाही. त्यांनी आधी पारडं रिकामं केलं, डबा झाकला, मग बोलले.

"वैनी, दुकानात आमी काडतुसं भरायचो. शिकारीची. एक गिऱ्हाईक होतं, वकीलसाहेब, मला नावानं हाक मारायचे. मी भरत होतो नि चायवाला आला. मी पेला घेतला. दोन घोट घेतले. परत बसलो तवा ह्या पुंगळीत घातली का नाय, ते ध्यानात नव्हतं. वाटलं, नसंल. परत घातली."

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

"नळी फुटली. डोळा गेला त्यांचा, नि हाताची तीन बोटं. मालक बोलले, बंदूक जुनी होती. पोलीस बी तेच बोलले. वकीलसाहेबांनी मलाच बोलावलं, बंदूक दाखवली, बोलले, रज्जाक, बघ रे, कशानं फुटली. मी बघितली. मी बोललो, लोखंड कमजोर होतं, साहेब." त्यांनी हात पँटला पुसले. "महिन्याभरात पासपोर्ट काढला."

मग त्यांनी डबा उघडला आणि एकविसावं काडतूस घेतलं.

दुपारनंतरची अस्रची अजान होऊन गेली होती, सूर्यास्ताची मगरिबची व्हायची होती. तेहतिसावं काडतूस उकललं. चाचांनी पुंगळी पारड्यावर उलटी धरली. काही पडलं नाही. त्यांनी बोटाने टिचकी मारली. काही पडलं नाही. त्यांनी ती उजेडाकडे धरून आत पाहिलं, मग माझ्याकडे दिली. मीही पाहिलं. आत पितळ चकाकत होतं. दारूचा एक कण नव्हता.

सुहासला हाक मारली. तो आला, पाहिलं आणि सुटल्यासारखा हसला. "रिकामी? हात्तिच्या! मला वाटलं दुप्पट भरलीय की काय. रिकाम्यात काय होणार? फुस्."

"फुस्," चाचा म्हणाले. "नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी सुटल, पण बाहेर नाय पडायची. नळीत अडकल. तुमी म्हणाल, ही फुकट गेली. दांडा ओढाल, दुसरी घालाल. ती पूर्ण भरलेली. पुढं नळी बंद. आणि तुमचा गाल हितं." त्यांनी स्वतःच्या गालावर हात ठेवला.

सुहास खुर्चीवर बसला. ती पुंगळी हातात घेऊन त्याने पुन्हा आत पाहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "आईचा फोन आला तेव्हा..." हाक माझी होती.

उरलेली सात बरोबर निघाली. बू राशिद दारात उभे राहून सगळं पाहत होते. काम संपल्यावर ते चाचांजवळ आले, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि आपलं नाक त्यांच्या नाकाला टेकवलं. तिथली माणसं आपल्या बरोबरीच्या माणसाला असंच भेटतात. चाचा अवघडून उभे होते. त्यांना वाकायचं की नाही ते कळत नव्हतं.

त्यानंतर चार वर्षं गुरुवार शांतपणे गेले. शांतपणे म्हणजे दर गुरुवारी थोडं घाबरत. सुहास कधी बोलायचा नाही, पण त्या खोलीतून बाहेर आला की आधी रेवाला शोधायचा.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात एका सकाळी चाचा लॅबमध्ये आले. खिशातून मायक्रोमीटर काढला आणि माझ्यापुढे धरला. "मॅडम, वाचा बरं, किती आहे?"

मी वाचलं.

"मला दुसरंच दिसलं," ते म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लेथवर हात सरावाने चालत होता, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. मला विचारायचं धाडस होईना, पण विचारलं. "कधीपासून, चाचा?"

"पावसापासून. गावच्या पावसापासून. म्हणजे सहा महिने धरा."

त्या सहा महिन्यांत ते दर गुरुवारी आले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी बू राशिद यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. सहा महिन्यांत भरलेली जी काडतुसं शिल्लक होती ती सगळी बाहेर काढली. या खेपेला ती सुहासने उकलली, आणि चाचा खोलीबाहेर बसून राहिले. आतून दर वेळी सुहासचा आवाज येई, "बरोबर." प्रत्येक 'बरोबर'ला ते डोळे मिटून घेत. सगळी नीट निघाली. पण जी आधीच उडवून झाली होती, त्यांचा हिशेब कोण देणार होतं? बू राशिद यांनी त्या आठवड्यात खोली बंद केली, उरलेलं सामान आणि दारू रीतसर पोलिसांकडे जमा केली. म्हणाले, आता माझीही उमर झाली.

चाचांनी राजीनामा दिला. ऑपरेशन गावी करू म्हणाले, मुलगी तिथे आहे. ज्या दिवशी निघायचं होतं त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. विमानतळावर जाणारी कंपनीची बस लॅबसमोरूनच सुटायची. मी पांढऱ्या कोटातच बाहेर आले आणि पायरीवर उभी राहिले. ते खिडकीशी बसले होते. नवा शर्ट, मांडीवर रेक्झिनची बॅग. मी हात हलवला.

त्यांनी काचेला कपाळ लावून बाहेर पाहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्यांचा चेहरा खुलला आणि ते जोरजोरात हात हलवू लागले. माझ्यापासून वीस हातांवर पाण्याच्या टाकीपाशी पांढऱ्या डगल्यातला एक बांगलादेशी झाडूवाला उभा होता. चाचा त्याच्याकडे पाहून हात हलवत होते. तो आधी गोंधळला, मागे वळून पाहिलं, मग त्यानेही झाडू बगलेत धरून हात वर केला. मला हाक मारावीशी वाटली, पण बस वळली होती. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत ते दोघे एकमेकांना हात हलवत राहिले.